आरीकाकांचा गाणारा काउबॉय

पद्मजाच्या शेजारचे आरीकाका जन्मभर ट्रामच्या कारखान्यात नोकरीला होते आणि घोड्यावर म्हणून कधी बसले नव्हते. तरी हॉलंडमधल्या रायस्वाइक गावच्या त्या चार मजली इमारतीत सगळे त्यांना काउबॉयच म्हणायचे. ब्याऐंशीव्या वर्षीसुद्धा कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरताना डोक्यावर रुंद काठाची पांढरी हॅट असायची.

वेड जुनं होतं. तरुणपणी दर शनिवारी दुपारी ते चर्चच्या हॉलमध्ये सिनेमे दाखवायचे. सिनेमे तरी कसले, तर अमेरिकेत आठवड्याभरात उरकलेले, गाणाऱ्या काउबॉयचे. तासाभराचा खेळ. सगळ्या सिनेमांत मिळून खडक एकच. नायक त्याच्याच बाजूनं दौडत जायचा आणि चोरही त्याच्याच आडून यायचे. मारामारी झाली तरी नायकाच्या शर्टाची इस्त्री मोडायची नाही. तो कुणाला जिवे मारायचा नाही, समोरच्याच्या हातातलं पिस्तूल तेवढं गोळीनं उडवायचा. आणि मधेच घोडा थांबवून, गिटार काढून गायला लागायचा. चर्चच्या फादरांची काही हरकत नसे, कारण नायक घोड्याशिवाय कुणाचा मुका घेत नसे.

हॉलमध्ये कॉफीच्या टेबलामागे कॉरी नावाची मुलगी असायची. तिला एकूण एक सिनेमा तोंडपाठ. आरीकाका मात्र मोठे वेंधळे. एकदा त्यांनी रिळं उलटी लावली आणि चोर तुरुंगात गेल्यावर मग बँक लुटली गेली. कॉफी ओतता ओतता कॉरी ओरडली, "आरी, आधी दरोडा, मग तुरुंग!" सगळा हॉल हसला. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. पुढे हॉल बंद पडला, तेव्हा आरीकाका प्रोजेक्टर आणि बावीस सिनेमांचे डबे घरी घेऊन आले. कॉरीबाईंनी त्यासाठी स्वतःचं कपड्यांचं कपाट रिकामं करून दिलं.

पद्मजाला हे सगळं कळलं ते दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये, आणि तेही सासऱ्यांमुळे. हरिहरराव सांगलीहून फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यावर अडकले, ते वर्ष संपत आलं तरी इथेच होते. चाळीस वर्षं त्यांनी कीर्तनात आणि संगीत नाटकांत पेटीची साथ केलेली. पद्मजाकडे गणपतीच्या आरतीसाठी घेतलेली पेटी होती. ती घेऊन ते सकाळी गॅलरीत बसायचे. तिसऱ्या दिवशी पलीकडून गिटार वाजली. दोघांच्या गॅलऱ्यांच्या मधे एक जाड काच, आणि दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता. पद्मजाची डच भाषा मुलीच्या शाळेच्या फाटकाशी शिकलेली, तीच दोघांच्या मधे धावायची.

आरीकाकांनी एकदा लॅपटॉपवर तसला एक सिनेमा लावून काचेपाशी धरला. पद्मजाला हसू आलं.

"बाबा, चोर पळून चाललेत आणि हा गातोय काय?"

"आमच्याकडे छातीत बाण घुसलेला राजा वीस मिनिटं गायचा," हरिहरराव म्हणाले. "आणि लोक वन्स मोअर देऊन त्याला परत उठवायचे. तेव्हा नाही हसलीस ती."

"तेव्हा माझा जन्म नव्हता झाला."

"तेच म्हणतो मी. नंतर जन्मलेल्यांना फार हसू येतं."

नंतर भांडी घासताना तिच्या मनात ते घोळत राहिलं. कीर्तनात तरी दुसरं काय होतं? द्रौपदी सभेत उभी असते, आणि बुवा गोष्ट तिथेच सोडून अभंग धरतात. कोणी म्हणत नाही, अहो आधी तिचं काय ते बघा. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणूनच माणसं निवांत बसतात. बुवांकडे सामान म्हणजे एक उपरणं, त्यातच कृष्ण आणि त्यातच दुर्योधन. या काउबॉयकडे एक खडक होता. तेवढ्यावर त्यानं एवढं मोठं रान उभं केलं, आणि त्या रानात भल्या माणसाचं भलंच होत होतं. त्या वर्षी तेवढं बघायला मिळणंही कमी नव्हतं.

कॉरीबाई तेव्हा घरी नव्हत्या. विस्मरणाच्या आजारामुळे दोन वर्षांपासून त्या कालव्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होत्या. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे कोणाला तरी कोरोना झाला आणि भेटी बंद झाल्या. आरीकाका रोज आश्रमाच्या अंगणात जाऊन उभे राहायचे. कॉरीबाई पहिल्या मजल्याच्या खिडकीत यायच्या आणि अनोळखी माणसाला करतात तसा अदबीनं हात करायच्या. एक दिवस आरीकाका पद्मजाच्या दाराशी आले, हॅट काढून हातात धरली.

"आज ती नर्सला म्हणाली, खाली एक गृहस्थ उभे आहेत, त्यांचं कोणी हरवलंय का बघा."

पद्मजानं दार पूर्ण उघडलं.

"एकदा तिनं मला नावानं हाक मारावी," ते म्हणाले. "एवढंच. मग भेटी कधी सुरू व्हायच्या तेव्हा होऊ देत."

त्यांच्या डोक्यात एक बेत होता. खिडकीसमोर अंगणापलीकडे गॅरेजची पांढरी भिंत होती. डिसेंबरात पाच वाजताच अंधार पडतो. त्या भिंतीवर त्यांना कॉरीचा सगळ्यात लाडका सिनेमा दाखवायचा होता. पण प्रोजेक्टरमधला, फिल्मवरचा आवाज वाचणारा छोटा दिवा गेला होता, आणि तो आता कुठे मिळत नव्हता. चित्र दिसलं असतं, पण मुकं. गाणं त्यांनी स्वतः म्हटलं असतं, तर एप्रिलच्या शेवटी त्यांना स्वतःला झालेल्या कोरोनानं छाती कमजोर झालेली. दोन ओळींत धाप लागायची.

पद्मजानं हे बाबांना सांगितलं.

"त्यांना म्हणावं, गा खुशाल," हरिहरराव म्हणाले. "श्वास संपला की ओळ पेटी पुरी करेल. आमच्या बुवांची शेवटची दहा वर्षं अशीच गेली, लोकांना पत्ता लागला नाही. फक्त पेटीला सोडायचं नाही. पेटी जाईल तिकडे जायचं."

आठवडाभर दोघांनी काचेच्या दोन बाजूंना तालीम केली. एक दिवस हरिहरराव म्हणाले, "घोड्याच्या टापा पाहिजेत. चिपळ्या काढ."

पद्मजा देवघरापाशी अडखळली. "बाबा, देवाच्या कामाच्या आहेत त्या. घोड्याला कशा वाजवायच्या?"

"देवानं स्वतः अर्जुनाचे घोडे धुतले, खरारा केला. त्याला घोड्याचं वावडं नाही. तुला असलं तर सांग."

तिनं देवाला नमस्कार केला आणि चिपळ्या पिशवीत घातल्या.

शुक्रवारी पाऊस नव्हता. बाकफीट्स म्हणजे पुढे मोठा लाकडी खोका जोडलेली सायकल पद्मजाकडे होती, तिच्यातून एरवी मुलगी आणि किराणा यायचा. आज प्रोजेक्टर आणि पेटी शेजारी शेजारी बसली. आश्रमाच्या मोठ्या नर्सनं अंगणात अंतर ठेवून उभं राहायची परवानगी आणि खिडकीतून विजेची वायर दिली होती. पाच वाजता भिंतीवर घोडा आला. वर खिडकीखिडकीत पांढरी डोकी जमली. कॉरीबाईंना खुर्चीत आणून बसवलं, अंगावर शाल होती. त्यांनी खाली पाहिलं आणि तसाच अदबीनं हात केला.

पद्मजा चिपळ्या वाजवत होती. बोटं गारठली होती, तरी घोडा छान दौडत होता आणि चिपळ्यांच्या झांजांमुळे त्याला लगामाची किणकिणही आली होती. मग गाणं आलं. नायक एका विधवेच्या खिडकीखाली उभा राहून सांगतो की तुझी चोरीला गेलेली गुरं मी परत आणीन. आरीकाका हॅट घालून गायले. आवाज चिरका, पण सुरात. तिसऱ्या ओळीला श्वास तुटला आणि पेटीनं ती ओळ अशी अलगद उचलली की ते मुद्दामच थांबले असं वाटावं. पद्मजा खिडकीकडे बघत होती. कॉरीबाई भिंतीकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

गाणं संपलं. आता भिंतीवर दारूच्या गुत्त्यातली मारामारी सुरू होणार, आणि पेटी गप्प राहणार, असं ठरलेलं. पण चाळीस वर्षांची सवय. शेवटचा सूर जमून आला की हरिहररावांचा हात आपोआपच परत मुखड्यावर जायचा. "वन्स मोअर," ते मोठ्यानं म्हणाले आणि गाणं पहिल्यापासून धरलं.

"बाबा, सिनेमा पुढे गेला," पद्मजा दबक्या आवाजात म्हणाली. त्यांना ऐकूच गेलं नाही. आणि आरीकाकांना बजावलेलं होतं, पेटीला सोडायचं नाही. ते परत गायला लागले. भिंतीवर नायक तोंड मिटून एकाला ठोसे मारत होता, दुसरा टेबलावरून पडत होता, आणि अंगणात त्याच नायकाचं हळुवार गाणं चाललं होतं. पद्मजानं चिपळ्या धरलेले हात खाली घेतले. वाटलं, संपलं सगळं.

वरची खिडकी वीतभर उघडली.

"आरी! आत्ता गाणं नाही. आत्ता मारामारी आहे."

पेटी थांबली. शब्द कळले नाहीत, तरी हरिहररावांना तो सूर कळला असावा. आरीकाकांनी हॅट काढली.

"हो, कॉरी. चुकलं."

"नेहमीचंच तुझं," कॉरीबाई म्हणाल्या. नर्सनं वारा लागतो म्हणून खिडकी लावली. पुढचा अर्धा तास त्या काचेला नाक लावून बघत होत्या. कधी भिंतीकडे, कधी खाली प्रोजेक्टरपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे, पुन्हा रीळ उलटं लावतोय का या संशयानं.

पद्मजानं चिपळ्या तशाच हातात धरून मनातल्या मनात नमस्कार केला. खेळ संपल्यावर आरीकाका बराच वेळ प्रोजेक्टरची काच पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. मग ते पद्मजाला म्हणाले, "बाबांना सांग, पुढच्या शुक्रवारीही त्यांनी तिथेच चुकावं."

तिनं सांगितलं.

"आता मुद्दाम चुकायचं म्हणजे अवघड आहे," हरिहरराव पेटीचा भाता बंद करत म्हणाले. "त्यांना आधी विचार, पुढच्या वेळी नाही ओळखलं तर?"

पद्मजानं विचारलं. आरीकाका म्हणाले, नाही ओळखलं तर त्याच्या पुढच्या शुक्रवारी, डबे बावीस आहेत.

हरिहररावांनी मान डोलावली. "मग उद्या सकाळी तालमीला बसायला सांग. नऊला. आजची चूक जरा लांबली."