परमिट परत येईपर्यंत

लोकांना वाटतं, सबस्टेशनात वीज तयार होते. आमच्याकडे ती फक्त मुक्कामाला असते. दूरवरून मोठ्या दाबानं येते, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो आणि वेगवेगळ्या फीडरवरून ती वस्त्यांकडे निघते. चौकातली डीपी तिला आणखी नरम करते, तेव्हा कुठे घरातला पंखा फिरतो. मी हुडकेश्वरकडच्या सबस्टेशनात ऑपरेटर आहे. वीज गेली की शिव्या खाणं हेही माझंच काम, आणि उलट सुनावणंही मला जमतं.

तारांवर काम असलं की मी फीडर बंद करून लाईनमनला परमिट देते, मगच तो खांबावर चढतो. ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच ते परत करायचं. तोवर ब्रेकर, म्हणजे फीडरचा मोठा खटका, चालू करायचा नाही. माझे वडील लाईनमन होते. ते वर असताना कोणीतरी दुसऱ्याच्याच सांगण्यावरून लाईन सुरू केली. ते घरी आलेच नाहीत.

मे महिन्यातल्या त्या दुपारी बंद होता तो आमच्याच घराचा फीडर. घरी आई विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनवर. शेजारच्या काकूंनी तिला सिलिंडर लावला होता, पण काटा खाली येत चालला म्हणून त्यांचा फोन आला. दुसरा आणायला माणूस गेला होता, तो अजून पोचायचा होता. तेवढ्यात तारांचं काम घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसाचा फोन.

"मॅडम, काम झालं. करा चार्ज."

"परमिट ज्यानं घेतलं, त्याले बोलू द्या."

"तो येऊनच राहिला ना! तुम्ही काहून टाइम खाऊन राहिल्या?"

लाईनमनचा फोन लागेना. त्या माणसाचा असा संताप आला की फोन आपटला. आईला फोन लावला.

"आई, लाईनमन अजून वर असन वं."

धापा टाकत ती म्हणाली, "त्याले उतरू दे."

शेवटी तो आला, घामानं निथळत, परमिट हातात घेऊन. "ताई, पुढच्या खांबावर होतो. तिथला जोड ढिला दिसला, तोही कसून घेतला."

सही घेतली, ब्रेकर चालू केला आणि घरी फोन केला. मागे मशीनची घरघर ऐकली आणि मला रडूच कोसळलं.

"आई, लाईन आली ना?"

"आली. त्याले म्हण, पहिले घरी जा. बायको वाट पाहून राहिली असन."