आत्याचे पाहुणे

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात आरशासमोर उभा होतो. चौथी फ्रेम चढवून, हिच्यात आपण जरा विचारवंत वगैरे दिसतो का, ते बघत होतो. तिच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "नंदू, सुमनताई गेल्या रे... झोपेतच." मी फ्रेम काढून काउंटरवर ठेवली. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी जे वाटलं ते दुःख नव्हतं. आता ती मला त्या सभेबद्दल कधीच काही विचारणार नाही, अशी एक चोरटी सुटका होती ती. मग रिक्षात बसलो, आणि कुठे जायचं ते रिक्षावाल्याला मला दोनदा विचारावं लागलं.

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर तिने वर्तकनगरातल्या आमच्या चार इमारतींचा रहिवासी संघ उभा केला. आम्हा बाकीच्यांच्या लेखी संघ म्हणजे पाणी, पार्किंग आणि गणपती. तिचं म्हणणं, इथे झोपायला येतात तेवढेच लोक इथले नव्हेत, इथे राबायला येतात तेही इथलेच. घरकाम करणाऱ्या बायकांना महिन्यातून दोन भरपगारी सुट्ट्या, आणि त्या चारही इमारतींत, हे तिने एकेक जिना चढून पटवून घेतलं. माझ्याकडे आली तेव्हा मी श्रमप्रतिष्ठेवर दहा मिनिटं फार छान बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते राहू दे. त्या दोन दिवशी भांडी तू घासशील का?" बायको आतून हसली. मला संघाचा चिटणीसही तिनेच केलं. माझं अक्षर बरं आहे, एवढा एकच गुण तिला माझ्यात सापडला होता.

तर ती सभा. आमच्या बागेत सावलीला दोन लांब बाक आहेत. सकाळची कामं उरकून दुपारच्या कामांवर जाण्याआधी, एक ते दोन, या बायका तिथे बसून डबा खायच्या. काही रहिवाशांना ते खुपायला लागलं. बाक फक्त रहिवासी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी, असा ठराव आला. त्यातला 'पाहुणे' हा शब्द माझा. माझे मेहुणे रविवारी येऊन त्याच बाकावर पेंगतात, त्यांची सोय म्हणून. ठरावाच्या बाजूने भराभर हात वर गेले, माझाही गेला. विरोधात कोण, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा पहिल्या रांगेतून एकच हात वर आला. आत्याचा खांदा आखडलेला होता, म्हणून दुसऱ्या हाताने कोपराला आधार देऊन तिने तो वर धरला होता. माझ्यापासून चार फुटांवर.

विरोध असेल तर नावानिशी लिहायचा, ही पद्धत आत्यानेच घातलेली. उद्या कोणी वही उघडली तर त्याला कळायला हवं की कोणीतरी नाही म्हणालं होतं, असं ती म्हणायची. पण सभेनंतर अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, एकमत दिसलं की बरं दिसतं, नाही का? त्या आठवड्यात छपराखालच्या पार्किंगच्या जागा ठरायच्या होत्या, आणि माझी नवी गाडी उन्हात उभी होती. ते जागेबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. गरजच नव्हती... मी घरी येऊन माझ्या त्या बऱ्या अक्षरात लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

पुढच्या सभेत रिवाजाप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचायचं होतं. त्या ओळीवर मी खोकलो, पण पुरेसा नाही. आत्या म्हणाली, "नंदू, मी विरोध केला होता." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वहीत बघत म्हणालो, "आत्या, हात वर केलेला माझ्या लक्षात नाही आला गं." आत्या सभेकडे वळली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "असेल. खांदा दुखतो माझा. पुरता वर गेला नसेल."

तिने मला सर्वांसमोर वाचवलं. शिव्या दिल्या असत्या तर मी रागावून तरी मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवसापासून बरोबर एक वाजता आत्या डबा घेऊन बाकावर जाऊन बसू लागली. वॉचमनने हटकलं तेव्हा तिने सांगितलं, मी इथली रहिवासी आणि या सगळ्या माझे पाहुणे. ठरावात तसं लिहिलंच होतं! अध्यक्षांचा नाइलाज झाला. पाच महिने, ताप आला तरी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती रोज यजमानीण होऊन बसत होती. मी मात्र तिच्याकडे जाणं कमी केलं. ती थालीपिठाची भाजणी पाठवत राहिली आणि मी डबा धुऊन वॉचमनच्या हाती परत पाठवत राहिलो. गाडी छपराखाली होती.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी रजेवर होतो. एक वाजता खाली उतरलो तर बाक रिकामे, आणि बायका स्कूटरच्या रांगेशेजारी कठड्यावर उन्हात बसलेल्या. आमच्याच घरी पोळ्या करणारी सुनंदा त्यांच्यात होती. मी म्हणालो, चला, बाकावर बसा, आज माझे पाहुणे. सुनंदा उठली नाही. "आज तुम्ही आहात दादा. उद्या तुम्ही ऑफिसला. मग आम्ही कोणाचे पाहुणे?"

शोकसभेला संघ जमला तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं, आत्याचा हात वर होता, पुरता वर होता, मला दिसला होता, आणि मी खोटं लिहिलं. अध्यक्ष हळूच म्हणाले, आज हा विषय कशाला. तरी बाकांचा ठराव रद्द करा, अशी सूचना मी मांडलीच. बाजूने दोन हात आले. एक माझा, दुसरा बी इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका जोगळेकर बाईंचा. सूचना फेटाळली गेली. दोन्ही नावं वहीत लिहिली आणि मागच्या त्या ओळीखाली आत्याचंही. उशिरा लिहिलेली शाई वेगळीच दिसते.

म्हणून आता वार वाटून घेतले आहेत. शनिवार-रविवार मी डबा घेऊन बसतो. मेहुणे पेंगायचे थांबून गप्पांत भाग घेतात. सोमवारी बायको घरून काम करते, ती तासभर खाली येते. मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार जोगळेकर बाईंचे. आत्या एकटी सातही दिवस कशी बसत होती, ते आम्हा तिघांनाही कळत नाही.

गुरुवारी अजून कोणी मिळालेलं नाही. गुरुवारी बायका त्या कठड्यावर बसतात.