पिलांची ऊब आणि माझा तळहात

शाळा माझी तिसरीपर्यंत. पण विस्तवाचं मला कोणी शिकवायचं नाही. रेणापूरच्या आसपास तीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या होतो. कढईतला पाक बोटावर घेऊन सांगायचो, आता उतरवा. माझी ढेप कधी पाघळली नाही. त्यामुळं सुनेनं शेतात कोंबड्यांचं शेड टाकलं आणि पिलांना ऊब कशाची द्यायची हा विषय निघाला, तसं मी म्हणालो, "ते माझ्याकडं."

एक दिवसाच्या पिलाला आई नसते. पहिले दोन आठवडे आपणच कोंबडी व्हायचं. पत्र्याचं गोल कडं करायचं, आत भाताचं तूस पसरायचं, वर ऊब टांगायची. सुनेनं टिनाच्या छत्रीखाली बल्ब लावले होते. बल्ब चांगले, धूर नाही, राख नाही. पण आमच्याकडच्या लाइटचा काय भरवसा? म्हणून तिनं एक जुना गॅसचा ब्रूडर, म्हणजे साखळीनं टांगायची छत्रीवाली शेगडी, आणून ठेवला होता. तो पिवळा जळायचा, काजळी धरायचा. मी त्याला कोपऱ्यात सरकवलं आणि कोळशाची शेगडी घडवून आणली.

पहिली पिलं आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गावातली डीपी जळाली. थंडीचे दिवस. बल्ब विझले, पाचशे पिलं एकावर एक चढून चिवचिवायला लागली. ही सुनेची पहिली खेप. ती हातची गेली असती तर हसणाऱ्या भावकीचं खरं झालं असतं आणि शेडला कुलूप लागलं असतं. मी धूर जायला वरचा पडदा हातभर उघडला, शेगडी पेटवून मधोमध ठेवली, पिलांच्या उंचीला तळहात धरला. झकास ऊब होती.

थोड्या वेळात पिलं पांगून पत्र्याला जाऊन चिकटली. चोची उघड्या, पंख सोडलेले.

"मामा, लई तापलंय," सून म्हणाली.

"कोमट हाय. जिंदगी विस्तवापुढं गेली माझी."

तिनं मनगटाची आतली बाजू तिथं धरली आणि लगेच ओढून घेतली. "चुलीवरचं चहाचं भगुनं तुम्ही फडक्याबिगर उतरिवता. तुमच्या हाताला आता काय गरम लागतंय?"

"मग? वाईट हाय का ते?"

"हात तुमचा हाय, मामा. पिलं माझी हायती."

चार पिलं गेली होती. ती मीच उचलली. चूक झाली असं तोंडानं म्हणालो नाही, ते माझ्यात नाही. शेगडी बाहेर नेली आणि कोपऱ्यातला ब्रूडर ओढला. तूस गरम होतं तोवरच वेळ हाती होता.

"येतंय का तुम्हाला ते?"

"जाळ पिवळा हाय म्हंजी त्याला हवा न्हाई. गुळव्याला इतकंबी कळंना का?"

खोललं तर हवेच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. माती कोरून काढली. गॅस येतो ते बारीक छिद्रही बुजलं होतं. घरातला रॉकेलचा स्टो कधीच गेला, पण त्याची पिन मी पेटीत जपली होती. घरच्यांनी किती वेळा फेकायला काढली असेल. त्या पिनेनं छिद्र मोकळं केलं, नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बघितला, बुडबुडा नव्हता. पेटवलं. जाळ निळा आला.

छत्री किती उंच टांगायची हे बघायला हात आपसूक पुढं गेला. तो मी बंडीच्या खिशात घातला आणि उकिडवा बसून पिलं बघत राहिलो. गोळा झाली की साखळी एक कडी खाली, पांगली की एक कडी वर. दुपारपर्यंत वाळत घातलेल्या ज्वारीसारखी सगळीकडं सारखी पसरली. काही तर पाय ताणून झोपली.

लाइट दोन दिवसांनी आली. तोवर आणखी एकही पिलू दगावलं नाही.

आता शेजारच्या गावचे लोक विचारायला येतात, बल्ब घ्यावा, कोळसा का गॅस? मी सांगतो, बल्ब लावा, पण जोडीला गॅस ठेवा, आणि खेप यायच्या आधी पेटवून बघा.

"आन् हात खिशात ठिवा," सून मागून म्हणते.

मी ऐकू आलं नाही असं दाखवतो आणि साखळी एक कडी वर घेतो. पिलांनी तसं सांगितलेलं असतं.