सावलीकडची जागा

आमचे बाबा बोलत नाहीत. भांडत नाहीत, रागावत नाहीत, बोलतच नाहीत. आईनं जन्मभर दोघांच्या वाटचं बोलून घेतलं, म्हणून घर सुनं वाटलं नाही एवढंच.

धाकटा भाऊ अकोल्यात नोकरीला लागला. दोन-तीन महिन्यांनी घरी यायचा, आणि तो पाणी पिण्याआधीच बाबा विचारायचे, "जायची गाडी कितीची?" मागच्या खेपेला पर्मनंट झाल्याचं सांगायला आला, तरी तेच. पोराचं तोंड एवढंसं झालं. निघताना मला म्हणाला, दिवाळीलाही येत नाही आता, ज्यांना मी नकोच त्यांच्याकडे यायचं कायले? मला बाबांचा असा संताप आला की विचारू नका.

आमच्या मालेगावच्या स्टँडवर त्याची अकोल्याची दुपारची गाडी लागली. जो तो दाराच्या बाजूनं रुमाल-पिशव्या टाकून जागा धरत होता. बाबा मात्र दुखरा गुडघा ओढत, गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून आत टाकला. भाऊ त्या जागेवर जाऊन बसला, पण बाबांकडे बघितलंही नाही. गाडी दुपट्ट्यासकट गेली. बाबा बोडक्या डोक्यानं उन्हात उभे. मी वैतागून विचारलं, दाराकडं एवढ्या खिडक्या होत्या, तिकडं काहून गेले?

"दाराकडं ऊन राह्यते दुपारी," ते म्हणाले. "सकायच्या गाडीले ड्रायव्हरकडून राह्यते."

बाप्पा! म्हणजे गाडीची वेळ यासाठी विचारत होते. मी तिथूनच भावाला फोन लावून सगळं सांगितलं. गाडीच्या खडखडाटात तो म्हणाला,

"अन् हे तोंडानं सांगता येत नाही त्याईले?"

नाही येत रे, मी म्हटलं. दोन शब्द बोलले असते तर मलाही हवेच होते. नाही मिळाले, त्याचं वाईट वाटतं, वाटू दे. पण माणूस आपला आहे.

त्यानं फोन ठेवून दिला. दिवाळीपर्यंत माझ्या जिवाला घोर.

दिवाळीला आला. दुपट्टा धुऊन, वर इस्त्री करून आणला होता. बाबांनी तो खांद्यावर टाकला, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जायची गाडी कितीची?"

भाऊ हसला.

"सकायची, बाबा. दाराकडची जागा धरजा."