रांजणाच्या तळाचं पाणी

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातून सूक्ष्मदर्शक घेऊन आम्ही कोडोलीजवळच्या वाडीत गेलो होतो. दारात पाय ठेवताच ज्या काकूंनी भरला तांब्या हातात दिला, त्यांच्याच रांजणाच्या तळाचं पाणी मी त्यांच्याच अंगणात शाळेतल्या पोरांना दाखवायला घेतलं. थेंबात जीव वळवळले आणि मी मूर्खासारखा आनंदाने ओरडलो, "बघा, किती हायत!"

"काकूच्या पाण्यात किडं!" पोरं खिदळली. काकू गुमान आत गेल्या. चुलीत गेलं माझं विज्ञान!

दुपारी पिठलं-भाकरी आली, पण तांब्या आला नाही. दुकानातून मागवलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या. मी मुद्दाम पाणी मागितलं.

काकूंनी मान वर केली नाही. "बघितलंसा न्हवं आमचं पाणी? आता पिऊ नगासा, पावणं."