चौथ्या मजल्याचं नाव

तैपेईला लागून, नदीपलीकडे सानचोंग आहे. तिथं होंग शेठच्या कारखान्यात लिफ्टमधल्या मजला दाखवणाऱ्या पाट्या बनतात. त्यांच्या पोटातला सी भाषेतला प्रोग्राम लिएन यूएश्या या एकट्या बाईंनी एकतीस वर्षं सांभाळला. जेवताना त्या बोलायच्या नाहीत, जेवण झालं की मात्र कुणाची खैर नसायची. मी त्यांच्या हाताखालचा, को. वय चौतीस, अक्कल यायची होती.

एका इस्पितळानं पाट्यांवर भूकंपाच्या सूचनाही मागितल्या. आमच्या चिपची मेमरी आधीच तुडुंब. शेठ म्हणाले, "ताई, बसवता आलं तर ठीक. नाहीतर तयार पाट्या बाहेरून आणतो, मग तुम्हीही घरी आराम करा."

ताईंनी मला समोर बसवलं. "'दरवाजा बंद होत आहे' हे वाक्य कधी बदलतं का रे?"

"नाही."

"मग बदलता येणाऱ्या अक्षरांचा अ‍ॅरे कशाला? चिपच्या कायमच्या भागात ते कोरलेलं आहेच, वर त्याची नक्कल कामाच्या मेमरीत. माझीच जुनी चूक. नोटीस भिंतीवर लागलीय ना, मग घरोघर कशाला वाटायची? पॉइंटर दे. नुसतं बोट दाखव."

मी चाळीस वाक्यांचे पॉइंटर केले. हात चालू लागला तसे मजल्यांच्या नावांचेही करून टाकले. पुढं 'कॉन्स्ट', म्हणजे 'हे बदलायचं नाही' अशी खूण, लिहायचा आळस केला. लिहिलं असतं तर प्रोग्राम चिपच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरनंच चूक दाखवून कान धरला असता. सूचना मावल्या, वर जागाही उरली.

"मजल्यांना हात नाही ना लावलास?" ताईंनी विचारलं.

"सगळं बघितलंय ताई, तुम्ही करा सही," मी तपासणीचा कागद पुढं करत म्हणालो. त्यांनी केली.

आमच्याकडे इस्पितळात चौथा मजला नसतो. चार आकडा अशुभ, आजारी माणूस तिथं झोपायला तयार होत नाही. म्हणून तपासणीच्या दिवशी फिटरनं नेहमीसारखं बटण दाबून '4' चं '3A' करायला घेतलं. प्रोग्राम जुन्या नावावर नवी अक्षरं लिहायला गेला. पण लिहायला अ‍ॅरे होता कुठं? पॉइंटर कोरलेल्या भागाकडे बोट दाखवत होता, आणि तिथं लिहिता येत नाही. इस्पितळाच्या साहेबांसमोर पाटी काळी पडली.

शेठनी तो तपासणीचा कागद उलटला. "सही कुणाची?"

"माझी," ताई म्हणाल्या.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहत राहिलो. अजून लाज वाटते.

ऑर्डर गेली. संध्याकाळी ताईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि घरी गेल्या, त्या कायमच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "को, मजल्यांची नावं परत अ‍ॅरेत घे. जागा तीन अक्षरांची ठेव, नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याला धरून. बाकीचे पॉइंटर राहू देत, ते तू छान केलेस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.