थोरल्या जावयाचे फुगे

हेलिकॉप्टरला पाण्यावर उतरायची वेळ आलीच, तर त्याच्या पायांशी बांधलेले मोठाले फुगे एका बटणासरशी फुगतात. त्या फुग्यांच्या घड्या घालणं हे थोरल्या जावयांचं काम. कामावर त्यांना मान होता. सासरी मात्र ‘फुगेवाले’ एवढीच पदवी. कारण धाकटे जावई तेच हेलिकॉप्टर उडवायचे. सासरे गेल्यावर त्यांची वेताची खुर्चीसुद्धा सासूबाईंनी धाकट्यांनाच दिली होती. त्या खुर्चीत एकदा आपल्याला ‘बसा’ म्हणावं, एवढ्यासाठी थोरल्यांचा जीव टांगणीला लागला होता.

आणि एके दिवशी तलावाच्या मधोमध इंजिन बंद पडलं. धाकट्यांनी हेलिकॉप्टर अलगद पाण्यावर टेकवलं. सगळे सुखरूप. बातमी ऐकून थोरल्यांनी आधी डोळे पुसले, आणि ते कोरडे होतात न होतात तोच त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

संध्याकाळी सासूबाईंची खोली माणसांनी गच्च भरली. धाकटे खुर्चीत. थोरले दाराशी, चपलांच्या शेजारी, लंगड्या स्टुलावर.

“इंजिन एकदम गप्प,” धाकटे सांगत होते. “पंखा नुसता वाऱ्यावर फिरतोय, खाली पाणीच पाणी...”

आता फुगे येतील, थोरले मनात म्हणाले. हे आलेच! पण गोष्ट काठाला लागली, टॉवेल आले, गरम चहा आला. फुगे काही येईनात.

“पण एवढं धूड बुडालं कसं नाही हो?” शेजारीण म्हणाली.

“हात लागतो तसा, हात!” सासूबाई म्हणाल्या.

थोरल्यांचा धीर सुटला. “खाली फुगे होते! माझ्या घडीचे!”

“फुगे?” सासूबाई वळल्या. “वाढदिवस कुणाचा?”

खोलीत हशा पिकला. बायको कानाशी कुजबुजली, “अहो, फुगायचं काम फुग्यांचं. तुम्ही कशाला फुगून बसलाय?”

धाकटे तेवढे हसले नाहीत. गरम कप त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. अंगातली थंडी अजून गेली नव्हती.

“दादा, बटण दाबताना देवाचं नाव सुचलं नाही. तुमच्या नावाने ओरडलो.”

“काय ओरडलात?”

“जाऊ द्या. सासूबाई बसल्यात.”

“बसू देत! सांगा.”

धाकट्यांनी मान खाली घातली. “‘अरे फुगेवाल्या, घरी फुगतोस तसा फुग की एकदाचा!’... आणि फुगले.”

या वेळी कुणी हसलं नाही. सासूबाईंनी थोरल्यांना चष्म्यातून पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. मग धाकट्यांना म्हणाल्या, “उठा हो तुम्ही. त्यांना बसू द्या.”

थोरले बसले. खुर्ची कुरकुरली, छाती फुगली. ऐटीत त्यांनी दाराकडे नजर टाकली. तिथे स्टुलावर धाकटे अंग चोरून बसले होते, आणि सासूबाई स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घालत होत्या.

थोरल्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“मलाही,” ते म्हणाले, “जरा गारठाच वाटतोय.”